उलट्या लवेची मखमल

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, काळ्या लोखंडाची. अंगावर सोनेरी वेल होती, ती हात लागून लागून निम्मी पुसली गेली. खांदेश्वरला दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी माझी जागा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना आपली कहाणी सांगायची फार हौस असते. मलाही आहे. पण मी मुख्यतः एका दिवसाची कहाणी सांगणार आहे. त्या दिवशी एक गोष्ट मला सकाळीच कळली होती आणि मला ती कोणाला सांगता येत नव्हती.

आधी थोडे मागचे सांगते, म्हणजे पुढचे नीट समजेल.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पनवेलच्या एका दुकानात आले. दत्तू नावाच्या माणसाने मला हातगाडीवर घालून घरी नेले. तो द्रोणागिरीच्या गोदामात कामाला होता. त्याची बायको जाईबाई महाडकडच्या खेड्यातली. विहारात शिवणवर्ग चालायचा, तिथे ती शिकली होती. पहिल्या दिवशी तिने मला ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्या फडक्याने पुसले, आणि मगच सुईत दोरा ओवला.

तीस वर्षे मी तिच्या पायाखाली चालले. शाळेचे गणवेश, पोलकी, उशांचे अभ्रे, काय काय शिवले. चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस तर मला उसंत नसे. पांढऱ्या साड्यांवरच्या पांढऱ्या ब्लाऊजचा ढीग माझ्या उजव्या हाताला लागलेला असे. जाईबाईचे नाव झाले ते दोन गोष्टींसाठी. शिवण सरळ, आणि कापड वाया जात नाही. ती कापायला बसली की एक तुकडा सुलटा मांडायची आणि त्याच्या कुशीत दुसरा उलटा मांडायची, डोक्याला पाय लावून झोपलेल्या पोरांसारखे. त्यात वीतभर तरी कापड उरायचे. गिऱ्हाइकाला ब्लाऊज मिळे आणि वर तान्ह्याचे झबलेही होई. "कापड काय झाडाला लागतं?" असे ती म्हणायची.

तिचा मुलगा अभय माझ्या पायडलजवळ बसून चिंध्या गोळा करायचा. पुढे तो कातरायला शिकला, मग शिवायला. आईची रीत त्याच्या हातात उतरली. उलट, सुलट, उलट, सुलट.

मग तयार कपड्यांचे दिवस आले आणि जाईबाईचे गुडघेही दुखू लागले. मला झाकण लावून, वर चादर घालून, तिच्यावर टीव्ही ठेवला गेला. पाच वर्षे मी टीव्ही डोक्यावर घेऊन उभी होते. माझ्या आत कोळ्याने जाळे विणले. कोणी वाईट वागले असे नाही. मी आहे हे लोक विसरले, एवढेच.

मला पुन्हा उघडले ते अभयने. तो आता चोवीस वर्षांचा झाला होता. दिवसा महाप्याला एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. सुट्टीच्या दिवशी दाढी घोटून, चेहरा रंगवून, केसांचा टोप घालून, स्वतः शिवलेला घागरा नेसून रंगमंचावर जायचा. त्याला ड्रॅग म्हणतात. तिथे त्याचे नाव निशिगंधा. रंगमंचावर ती निशिगंधा, खाली उतरला की तो अभय. जाईबाईला हे कळले तेव्हा ती दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात तो आरशासमोर उभा असताना ती मागून आली आणि म्हणाली, "ब्लाऊज मागनं ढिला हाय. काढ." मग माझ्यासमोर बसून तिने तो दोन ठिकाणी दाबून दिला. त्यावर त्या घरात याहून जास्त चर्चा झाली नाही.

याच सुमारास टीव्हीवर 'तोऱ्याची राणी' नावाची स्पर्धा निघाली. ड्रॅग राण्यांची स्पर्धा, आणि तिचा हा पहिलाच हंगाम. दहा जणी निवडल्या होत्या, निशिगंधा त्यांच्यातली एक. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये चित्रीकरण होते. प्रत्येकीने घरून एक वस्तू आणायची परवानगी होती. बाकीच्यांनी टोप आणले, दागिन्यांच्या पेट्या आणल्या. अभयने मला नेले. त्याला विजेच्या मशीनचा वेग झेपत नव्हता.

मला टेम्पोत चढवताना दत्तू म्हणाला, "लोक टोप नेतात, हा आईचा संसार नेतोय."

"पहिल्या फेरीत आला परत, तर तुमालाच उतरवायला लागंल," जाईबाई म्हणाली.

तो पहिल्या फेरीत परत आला नाही. दुसऱ्याही नाही. दर आठवड्याला एक जण घरी जात होती. शेवटी चौघी उरल्या. त्यांतल्या तिघी अंतिम फेरीत जाणार होत्या, आणि अंतिम फेरीचे चित्रीकरण घरच्या माणसांसमोर, त्यांना पहिल्या रांगेत बसवून होणार होते.

इथेच जाईबाई अडकली होती. विहारातल्या महिला मंडळाच्या संघमित्राताई तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "जाईबाई, पोरगा टीव्हीवर साडी नेसून नाचतोय, आणि तुम्ही सांगत फिरताय?"

जाईबाईने उत्तर दिले होते, "नाच बघता तर शिलाई पन बघा. फायनलला मी पयल्या रांगेत बसनार हाय. तवा बघा मला."

बोलून गेली खरी. घरी आल्यावर तिने हे अभयला फोनवर सांगितले आणि पुढे म्हणाली, "आता तूच काय ते बघ बाबा." त्यानंतर अभयला भूक लागेना.

आता त्या दिवसाकडे येते.

सकाळी दहाला चौघांना सारखीच जांभळी मखमल मोजून दिली. संध्याकाळी सहापर्यंत वेळ. त्यात पायघोळ पोशाख शिवायचा आणि तो घालून परीक्षकांसमोर चालायचे. वेळ सांगायला दिलीप नावाचा माणूस होता. तो अधूनमधून दारात येऊन ओरडायचा आणि ओरडून जायचा.

अभयला मागे लोळणारा मोठा घोळ हवा होता. कापड तेवढे नव्हते. मग त्याने आईचे केले. घागऱ्याच्या आठ कळ्या, वर अरुंद आणि खाली रुंद असे लांब तुकडे, त्याने उलट, सुलट मांडल्या. कापड पुरले. घोळापुरते उरलेही. तो स्वतःशीच हसला.

मित्रांनो, मखमलीला लव असते. मांजराच्या अंगावर असते तशी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. लव खाली वळलेली असली तर कापड चकाकते. वर वळलेली असली तर तेच कापड गडद दिसते. म्हणून मखमल कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे असतात, मग कितीही कापड वाया जावो. जाईबाईने आयुष्यात मखमल शिवली नव्हती. सुती, टेरिकॉट, खण, जे आले ते. उलटसुलटाची रीत त्या कापडांना चालते. अभयला तीच माहीत होती.

पहिल्या दोन कळ्या माझ्या दातांवरून सरळ सरकल्या. पुढे एके ठिकाणी एक कळी पुढे पळू लागली आणि दुसरी मागे राहू लागली. मला तिथेच कळले. चार कळ्यांची लव खाली होती, चारांची वर. कामखोलीत चारी बाजूंनी सपाट पांढरा उजेड, आणि शिवण घडी करून टेबलावर पडलेली. त्याला दिसत नव्हते. रंगमंचावर वरून दिवा पडला की सगळ्यांना दिसणार होते.

मला जे करता येत होते ते मी केले. दोरा तोडला. त्याने पुन्हा ओवला. मी पुन्हा तोडला. "काय गं, आज रुसलीस?" असे म्हणून त्याने माझा ताण सैल केला आणि पुढे शिवत राहिला.

दुपारी मुख्तार मास्टर आले. हे तळोज्याचे जुने शिंपी. मशिनी चालत्या ठेवायचे काम त्यांना दिले होते. कपड्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. बोलले तर स्पर्धक बाद. ते माझा पट्टा बघायला वाकले. तो चामड्याचा पट्टा आधीच एकदा तुटून तारेने जोडलेला होता. बघता बघता त्यांचा हात मखमलीवर गेला. खालून वर फिरला. शेजारच्या कळीवर पुन्हा खालून वर फिरला आणि तिथेच थांबला. त्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिले.

"पट्टा जुना झालाय. जपून चालव," ते म्हणाले.

"अजून काही, मास्टर?"

"मी पट्ट्याचंच बोलतोय, बेटा." आणि ते गेले. मला तोंड नव्हते. त्यांना होते, पण ते बांधलेले होते.

हे सगळे शेजारच्या टेबलावरून तबरेज पाहत होता. तबरेज उरणचा. दिवसा बंदरावरच्या मालाची कागदपत्रे करायचा आणि रंगमंचावर समरा व्हायचा. मखमल त्याच्या ओळखीची होती, घरातल्या लग्नांचे कपडे त्याने शिवलेले होते. मास्टरांचा हात थांबलेला त्याने पाहिला, आणि का थांबला हेही त्याला कळले. पण तोही याच फेरीत होता. त्याची आई मरियम त्याला आजवर एकदाही बघायला आली नव्हती. नुकतीच फोनवर म्हणाली होती, "फायनलमध्ये गेलास तर येते." हे त्याने दोन दिवसांपूर्वी सगळ्यांना सांगितले होते, हसत हसत, पण दोनदा.

स्पर्धकांना एकमेकांशी बोलायला बंदी नव्हती. बोलायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

तीन वाजता तो टाचण्या मागायला आला. "निशी, केवढा घोळ काढलायस. फरशी पुसायचं काम पण घेतलंस का?"

"तू चालून गेल्यावर पुसायला लागणारच ना, खालाजान."

तबरेज हसला. त्याची नजर कळ्यांवर होती. टाचण्या घेऊन तो गेला. पावणेचारला पाणी प्यायच्या निमित्ताने पुन्हा आला, माझ्याजवळ उभा राहिला, आणि पाणी न पिताच परत गेला. मी दोरा तोडायचे सोडून दिले होते. त्याच्या पावलांकडे माझे लक्ष लागले होते. अभय शेवटची कळी जोडत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी तबरेज तिसऱ्यांदा आला.

"निशी, घागरा पुतळ्याला घाल. आणि वरचा दिवा लाव."

"टाइम नाहीये रे."

"घाल म्हणतोय ना."

अभयने घागरा पुतळ्याला चढवला. तबरेजने दिवा लावला. घागऱ्याची एक बाजू उजळ जांभळी होती आणि दुसरी काळपट. दोन वेगळ्या दुकानांतून आणल्यासारखी. मध्येच एक गडद कळी उजळांत शिरलेली, एक उजळ गडदांत.

अभय माझ्या पायडलवर डोके टेकून खाली बसला. मला त्याचा श्वास लागत होता.

"आता काय करू?" तो म्हणाला. "कापड संपलं. आईला काय सांगू? तिचीच रीत आहे ही. तिला कळलं ना, ती परत कात्री हातात घेणार नाही."

दारातून दिलीप ओरडला, "पावणेदोन तास राहिले."

अभयने डोके वर केले आणि पुतळ्याकडे पाहत बोटांवर मोजू लागला. चार उजळ, चार गडद. मोजणे थांबले. "तबरेज, एकाआड एक लावल्या तर? एक उजळ, एक गडद. पट्टे दिसतील. सगळ्या काढायला नकोत. ही आणि ही, दोनच बदलायच्या."

"दोन कळ्या म्हणजे चार शिवणी. पायापर्यंत लांब. ओढून उसवलीस तर लव निघेल, टक्कल पडेल तिथं. टाका टाका काढायला लागेल."

"पुरणार नाही टाइम."

तबरेजने आपल्या टेबलाकडे पाहिले. त्याच्या पोशाखाची खालची कड अजून दुमडायची होती. मग त्याने खिशातून ब्लेड काढले, फरशीवर मांडी घातली आणि घागऱ्याचे एक टोक ओढून घेतले.

"तुझी कड राहिलीय," अभय म्हणाला.

"तोंड चालवू नको. हात चालव."

चाळीस मिनिटे दोघे समोरासमोर बसून उसवत होते. कॅमेरावाला जवळ आला तेव्हा तबरेज मान वर न करता म्हणाला, "भाऊ, शूटिंग करा, पण उजेड सोडा." दर टाक्याला एक हलकासा 'टिक' आवाज येत होता. मी तीस वर्षे टाके घातले आहेत. टाके इतक्या मायेने काढलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पाच वाजता तबरेज आपल्या टेबलाकडे पळाला आणि अभय माझ्यापुढे बसला. जुन्या भोकांच्याच ओळीवरून शिवायचे होते, नाहीतर मखमलीवर भोकांची रांग दिसली असती. पहिली शिवण झाली. दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर माझा पट्टा तुटला.

पाच वाजून बत्तीस मिनिटे.

मुख्तार मास्टर खोलीच्या टोकापासून चालत आले. दिलीप आडवा आला. "मास्टर, लांब. मदत चालत नाही."

"मशीनचं काम माझं आहे," मास्टर म्हणाले. "कपड्याला हात लावला तर सांग." त्यांनी खिशातून नवा पट्टा काढला. माझ्या मापाचा, टोकाला भोक पाडलेला, तार अडकवलेली. दुपारी पट्टा बघून गेल्यावर तो त्यांनी तयार करून ठेवला होता. जे बोलता येत नव्हते, त्याच्या जागी त्यांनी जे करता येत होते ते केले होते. चार मिनिटांत माझे चाक फिरू लागले.

चौथी शिवण संपली तेव्हा सहाला दोन मिनिटे कमी होती. तबरेज आपली कड टाचण्यांनी वर धरत होता.

रंगमंच मला दिसत नाही. कामखोलीत एक पडदा लावला होता, त्यावर मी पाहिले. निशिगंधा चालत आली. घागऱ्यावर उजळ आणि गडद पट्टे, एकाआड एक. ती वळली की ते जागा बदलल्यासारखे वाटत. समरा आली ती रुबाबात, पण तिसऱ्या पावलाला टाचणी निसटली, टाच कडेत अडकली आणि तिचा झोक गेला. ती पडली नाही. सावरली, आणि तशीच हसत पुढे गेली.

मुख्य परीक्षक हादिया मॅडमनी निशिगंधाला विचारले, "लव उलटसुलट आहे. मुद्दाम केलं?"

'हो' म्हणायला एक शब्द पुरला असता. मी पडद्याकडे बघत होते.

"नाही, मॅडम," निशिगंधा म्हणाली. "चुकलं. माझी आई कापड वाचवायला असं कापते. मखमलीला चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर चूक ओळीत लावली. मला कळलं नव्हतंच, समराने दाखवलं. तिनेच उसवून दिलं. म्हणून तिची कड राहिली."

हादिया मॅडमनी घागऱ्याच्या पट्ट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आम्ही पाहिलंय. पण निकाल कपड्यावर लागतो, मला तेवढंच बघायचंय."

समरा घरी गेली. निशिगंधा अंतिम फेरीत आली.

अंतिम फेरीत नवे काही शिवायचे नव्हते, निशिगंधा हाच मखमली घागरा घालणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मला टेम्पोने खांदेश्वरला आणले. अभयने आईला सगळे सांगितले, तिच्या रीतीचेही. मला वाटले होते तिला लागेल. ती म्हणाली, "मखमलीला नाय चालत तर नाय चालत. आता कळलं ना." थोड्या वेळाने तिने विचारले, "मंग त्या तबरेजची आई?"

"ती येणार होती. आता कशाला येईल?"

प्रत्येक घराला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या होत्या. जाईबाईने दत्तूकडे पाहिले. त्याने आपला शर्ट इस्त्री करून दाराला टांगलेला होता.

"मी घरीच बघतो," दत्तू म्हणाला. "तिथल्या खुर्च्या अरुंद असत्यात."

जाईबाईने माझ्या टेबलावर कोपर टेकून फोन लावला. पलीकडून मरियमचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"बाई, माझा पोरगा त्यात नाय. मी येऊन काय बघू?"

"माझ्या पोराचा घागरा बघा. त्यात चार शिवनी तुमच्या पोरानं उसवलेल्या हायती. शिवलेलं समदे बघतात. उसवलेलं बघायला आपन दोघीच हाव."

मग मरियमने विचारले, "किती वाजता यायचं?"

त्या पहिल्या हंगामात निशिगंधा दुसरी आली. पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायका टीव्हीवर दिसल्या, एकीच्या डोक्यावर पदर, दुसरीच्या ओढणी. कॅमेरा त्यांच्यावर फिरून फिरून येत होता आणि दोघी घागऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होत्या. संघमित्राताईंनीही पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या दोन ब्लाऊजपीस घेऊन आमच्या घरी आल्या आणि शिलाईखेरीज दुसरे काही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, माझी कहाणी संपली. तुमच्या घरात एखादी जुनी मशीन झाकून ठेवलेली असेल तर कधीतरी तिचे झाकण काढा, तिच्या पट्ट्याकडे पाहा. तुटायच्या आधी पाहा. आणि शेजारी बसलेल्याची चूक तुम्हाला दिसली, आणि बोलले तर आपलेच नुकसान आहे हेही दिसले, तर फार येरझाऱ्या घालू नका. मी त्या सकाळी नुसता दोरा तोडत बसले होते, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.